ओट्यावर आलेलं विज्ञान

फेब्रुवारी संपत आला की आपल्या ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या शाळांत कॉलेजची मुलं-मुली येतात. त्यांच्या पिशवीत काड्यापेट्या, स्ट्रॉ, फुगे, लोहचुंबक, सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब आणि रिकाम्या बाटल्या असतात. निमित्त असतं २८ फेब्रुवारीचं. १९२८ साली त्या तारखेला चंद्रशेखर वेंकट रामन यांनी प्रकाशाविषयीचा आपला मोठा शोध लावला. त्याची आठवण म्हणून १९८७ पासून हा दिवस राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळला जातो. दोन-तीन तास शाळेत धमाल असते. संध्याकाळी पोरं घरी येऊन आईला सांगतात, "आज एका ताईने बाटलीत ढग करून दाखवला!"

आम्ही बचत गटांचं काम बघणाऱ्या. महिन्याच्या बैठकीत हप्ता, कर्ज, व्याज आणि वह्या उरकल्या की बायका मुलांच्या गोष्टी काढतात. या ताया-दादांचा विषय निघाला तेव्हा बायकांनी तीन प्रश्न विचारले. ही मुलं कोणाच्या सांगण्यावरून येतात? त्यात त्यांना काय मिळतं? आणि एक दिवस येऊन गेल्यावर आमच्या पोरींच्या पदरात काय पडतं? शेवटचा प्रश्न खोचक होता, पण खरा होता. त्याचं उत्तर शोधायला आम्ही मागे मागे जात राहिलो आणि पोहोचलो थेट १८४८ सालात.

१८४८ म्हटलं की आपल्याला पुण्याचा भिडे वाडा आठवतो, सावित्रीबाई आणि जोतीराव आठवतात. ते बरोबरच आहे. त्याच वर्षी मुंबईतही एक काम सुरू झालं. मुंबई विद्यापीठ तेव्हा नव्हतं, ते १८५७ साली स्थापन झालं. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशन हे उच्च शिक्षणाचं मोठं ठिकाण होतं. तिथले विद्यार्थी आणि तिथून नुकतेच शिकून बाहेर पडलेले तरुण यांनी प्राध्यापक पॅटन यांच्या मार्गदर्शनाखाली जून १८४८ मध्ये एक सभा काढली. तिचं नाव स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी. म्हणजे विद्यार्थ्यांची साहित्य आणि विज्ञान सभा.

सुरुवातीला ही मंडळी जमून इंग्रजीत निबंध वाचत. पण आपल्या लोकांशी बोलायचं तर आपल्या भाषेत बोललं पाहिजे, हे त्यांच्या लवकरच लक्षात आलं. म्हणून सोसायटीच्या मराठी आणि गुजराती शाखा निघाल्या. मराठी शाखा म्हणजे ज्ञानप्रसारक सभा. मराठीचं व्याकरण लिहिणारे दादोबा पांडुरंग तिचे अध्यक्ष होते. १८५० पासून 'मराठी ज्ञानप्रसारक' हे मासिक निघू लागलं आणि विज्ञानाचे विषय मराठीत वाचायला मिळू लागले. ही वाट त्यांच्याआधी बाळशास्त्री जांभेकरांनी पाडून ठेवली होती. 'दर्पण' काढणारे बाळशास्त्री आपल्याला पत्रकार दिनामुळे माहीत असतात. पण ते एल्फिन्स्टनमध्ये शिकवत, कुलाब्याच्या वेधशाळेचं काम त्यांनी पाहिलं आणि १८४० साली त्यांनी 'दिग्दर्शन' हे मासिक काढलं. विज्ञान आणि भूगोलासारखे विषय त्यात मराठीत येत.

आता आपल्या कामाची गोष्ट. १८४९ साली सोसायटीच्या तरुणांनी मुलींच्या शाळा काढायचं ठरवलं. पैसे नव्हते, जागा नव्हती, शिक्षक नव्हते. मग तेच शिक्षक झाले, बिनपगारी. सकाळी स्वतःच्या कामाला जायच्या आधी ते शिकवत. त्यांत दादाभाई नौरोजी होते, तेव्हा ते चोवीस वर्षांचे होते. पुढे ते एल्फिन्स्टनमध्येच गणित आणि पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक झाले, आणि त्याहून पुढे काय झाले हे सगळ्या देशाला ठाऊक आहे. हे तरुण घरोघर जाऊन विनंती करत: तुमच्या मुलींना शिकवायचं आहे, तुमच्याच व्हरांड्यात बसून शिकवू, परवानगी द्या. काही बापांनी परवानगी दिली. काहींनी जिन्यावरून खाली फेकून देऊ अशी धमकी दिली. तरी शाळा सुरू झाल्या. पहिल्या मुली किती? ४४ पारशी आणि २४ हिंदू, एकूण ६८. जगन्नाथ शंकरशेट यांनी आपल्या गिरगावच्या वाड्यात शाळेला जागा दिली. पुढे डॉक्टर भाऊ दाजी लाड यांनीही या कामाला हातभार लावला.

त्या शाळांत शिकवलं जाई ते वाचन, लेखन आणि हिशेब. प्रयोगशाळा वगैरे काही नव्हतं. तरी आम्हाला तो आजच्या विज्ञान दिनाचा पूर्वज वाटतो. त्या तरुणांनी तीन गोष्टी केल्या. ते मुलींच्या घरापर्यंत गेले. ते मुलींच्या भाषेत बोलले. आणि ते रोज गेले. पुढची पावणेदोनशे वर्षं पाहताना आम्ही या तीन गोष्टींची पट्टी हातात धरली आहे.

आपल्या भागात यंत्र आधी आलं, विज्ञान शिकायची सोय फार उशिरा आली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली देशातली पहिली प्रवासी गाडी ३४ किलोमीटर धावून ठाण्याला आली. चारशे पाहुणे, चौदा डबे आणि तीन इंजिनं. पुढच्याच वर्षी, १ मे १८५४ ला, रेल्वे कल्याणला पोहोचली. प्रवासी गाडी ओढणारं वाफेचं इंजिन ठाण्या-कल्याणच्या लोकांनी देशात बहुतेकांच्या आधी पाहिलं. पण ती वाफ चाक कशी फिरवते हे शिकायचं, तर मुंबईलाच जावं लागे.

मुलींना तर मुंबईही लांब होती. कल्याणच्या जोशी घराण्यातली यमुना नऊ वर्षांची असताना तिचं लग्न झालं. नवरा कल्याणच्या टपाल कचेरीत कारकून. तीच आपली आनंदीबाई. विज्ञान आणि वैद्यक शिकायला तिला थेट अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियाला जावं लागलं. १८८६ साली ती डॉक्टर झाली आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये, वयाची बावीस वर्षं पुरी व्हायच्या आत, पुण्यात वारली. तिचं नाव आपण अभिमानाने घेतो, घेतलंच पाहिजे. पण एका मुलीला विज्ञान शिकायला सातासमुद्रापार जावं लागतं तेव्हा तिच्या गल्लीतल्या बाकीच्या मुलींचं काय झालं असेल, हा विचार आमच्या मनातून जात नाही.

आपल्याकडे कॉलेजं आली ती स्वातंत्र्यानंतर, आणि तीही सावकाश. १९६० च्या दशकात उल्हासनगर आणि भिवंडीत कॉलेजं निघाली. ठाण्यात विद्या प्रसारक मंडळाचं कॉलेज १९६९ साली सुरू झालं, त्यातूनच आजचं बांदोडकर विज्ञान महाविद्यालय उभं आहे. कल्याणचं बिर्ला कॉलेज १९७२ चं, आणि डोंबिवलीचं पेंढरकर कॉलेजही त्याच सुमाराचं. त्याआधी विज्ञान शिकणारा मुलगा सकाळची लोकल पकडून माटुंग्याला किंवा त्याच्याही पुढे जाई आणि दिवेलागणीला परत येई. त्याला शेजारच्या शाळेत जाऊन मुलांना काही दाखवायला वेळ कुठला? कॉलेज गावात आलं तेव्हा विज्ञान शिकणारी ताई आपल्याच गल्लीत दिसू लागली. ही गोष्ट इमारतीच्या कोनशिलेवर लिहिलेली नसते, पण आमच्या मते सगळ्यात मोठा बदल तोच होता.

योगायोग असा की ठाण्यात कॉलेज निघालं त्याच वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. गांधीजींच्या जन्मशताब्दीचं ते वर्ष. ३७ विद्यापीठं आणि ४० हजार विद्यार्थी यांपासून सुरुवात झाली. आपण तिला एनएसएस म्हणतो. एनएसएसमधल्या विद्यार्थ्याने वर्षाला १२० तास समाजासाठी द्यायचे, दोन वर्षांत २४० तास, आणि सात दिवसांचं शिबिर करायचं. बैठकीतल्या पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर बरंचसं इथे आहे. शाळेत येणाऱ्या ताया-दादांपैकी बरेच जण या योजनेतून येतात. त्याबद्दल त्यांना प्रमाणपत्र मिळतं, परीक्षेत काही वाढीव गुण मिळतात. काही जण कॉलेजच्या विज्ञान मंडळातून येतात, काही एखाद्या संस्थेतून. काही मात्र फक्त हौसेने येतात.

विद्यार्थ्यांना शाळेत पाठवलं, पण तिथे जाऊन त्यांनी करायचं काय? हा विचार दुसरीकडे चालू होता. २४ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. विज्ञान मराठीतून सांगता येतं, एवढंच तिचं म्हणणं होतं आणि तेवढ्यासाठी तिने पुढची सगळी वर्षं खर्च केली. १९७२ साली मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात १६ शाळांत एक वेगळा प्रयोग सुरू झाला. विज्ञान पाठ करायचं नाही, प्रत्येक मुलाने हाताने करून बघायचं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले वैज्ञानिक आणि दिल्ली विद्यापीठातले प्राध्यापक-विद्यार्थी तिथे खेड्यांत जाऊन शिक्षकांबरोबर बसत. पुण्याच्या टेल्कोत काम करणारे इंजिनिअर अरविंद गुप्ता १९७८ साली रजा घेऊन तिथे गेले. तिथल्या बाजारातल्या काड्यापेट्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब घेऊन त्यांनी त्रिकोण, चौकोन आणि घर बनवायची युक्ती काढली. आज डोंबिवलीच्या शाळेत येणाऱ्या ताईच्या पिशवीतली व्हॉल्व्ह ट्यूब तिथून आली आहे. तो कार्यक्रम तीस वर्षं चालून २००२ साली सरकारी निर्णयाने बंद झाला. व्हॉल्व्ह ट्यूब मात्र देशभर फिरतेच आहे.

आपल्याजवळ, मुंबईत, टाटा संस्थेनेच १९७४ साली होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू केलं. आज ते मानखुर्दला आहे. त्यांनी जळगाव जिल्ह्यात खिरोद्याच्या परिसरातल्या शाळांत काम केलं, मुंबईत महापालिकेच्या शाळांतल्या मुलांबरोबर काम केलं. वि. गो. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तिथे एक गोष्ट आढळली. वस्तीतली मुलं विज्ञानात मागे पडतात ती बऱ्याचदा विज्ञानामुळे नाही, तर पुस्तकाच्या भाषेमुळे. तोच मजकूर सोप्या भाषेत लिहून दिला की मुलांना कळतो आणि गुणही वाढतात. आमच्या घरांत मराठी बोलतात ती मालवणी, आगरी, खानदेशी, मराठवाडी वळणाची. शेजारची बाई हिंदी किंवा तेलुगू बोलते. पुस्तकात 'बाष्पीभवन' लिहिलेलं असतं आणि पोरगी घाबरते. दोरीवरचे कपडे का वाळतात, असं विचारलं की तीच पोरगी धडाधड बोलते. कॉलेजच्या ताईला पाच-सात वर्षांपूर्वी तीच भीती वाटलेली असते, म्हणून तिला भाषा बदलणं जमतं. तिच्या वयाचा फायदा तो हाच.

आता आकाशाकडे वळू, कारण ग्रहण हा विषय थेट आपल्या पदराशी बांधलेला आहे.

१६ फेब्रुवारी १९८० ला मोठं सूर्यग्रहण झालं. खग्रास पट्टा कर्नाटक आणि आंध्रातून गेला, आपल्याकडे ते खंडग्रास होतं. तरी मुंबई-ठाण्याचे रस्ते ओस पडले. दारं-खिडक्या बंद करून लोक घरात बसले. त्या वेळच्या म्हाताऱ्या बायका अजून सांगतात: गरोदर सुनेला अंधाऱ्या खोलीत सरळ निजवून ठेवलं, विळीला हात लावू दिला नाही, सुई-दोरा धरू दिला नाही, पाणी पिऊ दिलं नाही. तासन् तास तहानलेली गरोदर बाई आणि बाहेर चंद्राची सावली. त्या बाईला त्या सावलीने काही केलं नसतं, त्रास झाला तो तहानेने आणि भीतीने.

पुढे १९८५-८६ मध्ये हॅलेचा धूमकेतू आला आणि वातावरण जरा बदललं. धूमकेतू बघायला दुर्बिणी गच्च्यांवर आल्या, तरुण मुलं आकाशाचा अभ्यास करू लागली. मुंबईतलं खगोल मंडळ त्याच दिवसांतलं. कर्जतच्या वाटेवर, बदलापूरच्या पुढे वांगणी आहे. शहराच्या दिव्यांपासून लांब आणि लोकलने जाता येईल असं ठिकाण. तिथे त्यांचे रात्रभराचे आकाशदर्शनाचे कार्यक्रम होऊ लागले. कल्याणमध्ये आकाशमित्र मंडळाने हे काम धरलं. ठाण्याचे दा. कृ. सोमण स्वतः पंचांगकर्ते. ग्रहण म्हणजे सावल्यांचा खेळ आहे, घाबरू नका, असं ते वर्षानुवर्षं सांगत आले. पंचांग करणाऱ्या माणसाने हे सांगितल्यामुळे घरातल्या मोठ्या बायकांना ते ऐकावंसं वाटलं, असा आमचा अनुभव आहे.

वांगणीसारख्या कार्यक्रमात आम्हाला आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. तारे बघायचे तर रात्र बाहेर काढावी लागते. मुलाला पाठवताना आई दोनदा विचार करते, मुलीला पाठवताना दहादा. दुर्बिणीपाशी उभ्या असलेल्या स्वयंसेवकांत मुली दिसल्या, एखादी ताई आपल्या ओळखीची निघाली, तरच "जा" हा शब्द तोंडातून निघतो. मुलींपर्यंत विज्ञान पोहोचवायचं तर दुर्बिणीइतकीच ताईही लागते.

२४ ऑक्टोबर १९९५ चं ग्रहण ऐन दिवाळीत आलं. खग्रास पट्टा राजस्थानपासून बंगालपर्यंत होता, आपल्याकडे सकाळी खंडग्रास दिसलं. १९८० ला बंद असलेल्या खिडक्यांतून या वेळी मुलं बाहेर डोकावली. विज्ञान चळवळीतल्या संस्थांनी ग्रहण बघायचे स्वस्त चष्मे देशभर पोहोचवले होते, कॉलेजचे विद्यार्थी मैदानांवर उभे राहून मुलांना दाखवत होते. पंधरा वर्षांत एवढा फरक पडला. पण तो पडला मैदानावर. आम्ही बायकांना विचारलं, तेव्हा बहुतेकींनी सांगितलं की मुलं बघायला गेली होती आणि आम्ही घरात होतो.

२०२२ साली दिवाळीतच, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, २५ ऑक्टोबरला पुन्हा सूर्यग्रहण झालं. त्या संध्याकाळी आमच्या एका गटाच्या चाळीत कॉलेजच्या दोन मुली आल्या होत्या. त्यांनी लहान आरशावर कागद चिकटवला, कागदाला वाटाण्याएवढं भोक पाडलं आणि आरसा उन्हात धरून सूर्याचा कवडसा आतल्या भिंतीवर पाडला. भिंतीवरच्या गोल उजेडाचा एक तुकडा कुरतडल्यासारखा दिसत होता. कोणी सूर्याकडे बघितलं नाही, कोणाच्या डोळ्याला धोका नाही. सासवा ओट्यावर आल्या, सुना आल्या. सातव्या महिन्यातली एक जण दाराआडून बघत होती. तिच्या सासूनेच तिला म्हटलं, "भिंतीकडं बघायला काय होतंय? ये." एवढं वाक्य यायला १९८० पासून बेचाळीस वर्षं लागली.

या सगळ्याबरोबर शाळेतल्या मुलांनी स्वतः शोध घ्यावा असाही एक मार्ग तयार झाला. १९९३ पासून राष्ट्रीय बालविज्ञान परिषद भरते. दहा ते सतरा वर्षांची मुलं आपल्या परिसरातला एखादा प्रश्न घेतात, मोजमाप करतात, लोकांना विचारतात आणि निष्कर्ष मांडतात, तेही आपल्या भाषेत. महाराष्ट्रातलं हे काम ठाण्याच्या जिज्ञासा ट्रस्टने अनेक वर्षं सांभाळलं, सुरेंद्र दिघे आणि त्यांचे सहकारी त्यासाठी राज्यभर फिरले. ही परिषद आणि विज्ञान दिन यांत मोठा फरक आहे. विज्ञान दिन दोन तासांत संपतो. प्रकल्पाला महिने लागतात. नळाचं पाणी किती वाजता येतं, किती वाया जातं, नाल्याकाठच्या घरांत डास किती, कचरा कुठे जातो, असे प्रश्न घेतले की मुलं आईलाच येऊन विचारतात. आई माहिती देणारी होते. विज्ञानात आईचं मत पहिल्यांदा लिहून घेतलं जातं. असा प्रकल्प चालू असताना शिक्षकांच्या जोडीला कॉलेजचा एखादा विद्यार्थी दर आठवड्याला आला, वही तपासून गेला, तर मुलं टिकतात. तो एकदाच आला तर प्रकल्पाची फाइल शिक्षकच पुरी करतात.

इथे १८४९ ची पट्टी पुन्हा लावून बघू. भाषा आपली झाली, हे मोठं काम झालं. मुलं घरापर्यंत काही वेळा आली, पण बहुतेक वेळा शाळेच्या फाटकातूनच परत गेली. आणि रोज येणं तर राहूच दे, दुसऱ्यांदा येणंही दुर्मिळ आहे. आमच्या माहितीतल्या एका शाळेत विज्ञान दिनाचं सामान छान मांडलं, फोटो झाले आणि चार वाजता सगळं पुन्हा पिशवीत गेलं. मागे राहिलेल्या मुलींनी आठवडाभर विचारलं, ताई परत कधी येणार? उत्तर कोणाकडेच नव्हतं.

हे उत्तर का हवं? दहावीनंतर पोरगी विज्ञान शाखा घेणार की नाही, हे घरात ठरतं. क्लासची फी, लांबचं कॉलेज, "मुलीला काय करायचंय एवढं गणित", असे सगळे मुद्दे त्या एका संध्याकाळी जेवताना निघतात. तेव्हा बाटलीतला ढग कोणी आठवत नाही. पण वर्षभर घरी येणारी, आईने हाताने चहा दिलेली, वस्तीतूनच शिकून बीएस्सीला गेलेली एखादी ताई असेल, तर आई म्हणू शकते, "ती करते ना, मग आपली का नाही?" आमच्या मते शाळेत येणाऱ्या विद्यार्थ्यांचं खरं काम त्या संध्याकाळसाठी आहे.

सध्या एक चांगली संधी आली आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार आपल्याकडच्या पदवीच्या अभ्यासक्रमात समाजात जाऊन केलेल्या कामाला आणि क्षेत्र प्रकल्पाला श्रेयांक मिळू लागले आहेत. म्हणजे आता हौसेने येणारेच नव्हे, गुणांसाठी येणारेही खूप असतील. त्यांना नावं ठेवू नका. १८४९ च्या तरुणांनाही नाव मिळवायचं होतंच की. गुणांसाठी आलेला मुलगा चौथ्या फेरीला मुलांत रमतो, हे आम्ही पाहिलं आहे. पण चौथी फेरी व्हायला हवी.

हिशेब आपला विषय आहे, म्हणून हिशेब मांडू. एनएसएसच्या एका युनिटमध्ये साधारण शंभर विद्यार्थी असतात. प्रत्येकाने आपल्या १२० तासांतले फक्त दहा तास जवळच्या पालिकेच्या शाळेतल्या मुलांना दिले, तर वर्षाला हजार तास होतात. पाच जणांची एक तुकडी केली तर वीस तुकड्या. प्रत्येक तुकडी एकेका वस्तीत दोन-दोन तास, वर्षातून पाच वेळा येऊ शकते. एका कॉलेजातून वीस वस्त्या. पैसा जवळपास लागत नाही. लागतं ते कोणीतरी हे वेळापत्रक धरून बसणं. हप्त्याची तारीख कोण विसरू देत नाही? आपणच. मग हेही आपल्याला जमेल.

आपण काय द्यायचं? १८४९ ला तरुणांनी जी मागितली तीच गोष्ट: ओटा. गटाच्या बैठकीची जागा, समाजमंदिर, कोणाचं अंगण. शाळेतल्या कार्यक्रमानंतर पुढच्या फेऱ्या तिथे होऊ द्या. मुलांबरोबर आया बसू द्या. आपल्याकडेही सांगण्यासारखं पुष्कळ आहे, हे त्या ताई-दादांना कळू द्या. हळदीचा डाग साबण लावला की लाल होतो आणि त्यावर लिंबू पिळलं की पुन्हा पिवळा होतो, हे प्रत्येक बाईने पाहिलेलं आहे. शाळेत लिटमस कागदाचा जो धडा असतो, तो हाच. एका ओट्यावर हा प्रयोग झाला तेव्हा शिकवायला आलेला दादाच वही काढून लिहून घेऊ लागला होता, कारण कपडे धुणाऱ्या बाईला सोड्याने काय होतं आणि व्हिनेगरने काय होतं हे त्याच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. त्या दिवशी तिची मुलगी आईकडे वेगळ्याच नजरेने बघत होती.

एक तारीख लिहून ठेवा: २ ऑगस्ट २०२७. त्या दिवशी सूर्यग्रहण आहे. आफ्रिकेत आणि अरबस्तानात ते खग्रास दिसेल, आपल्याकडे खंडग्रास. दिवस पावसाळ्याचे, ढग असले तर दिसणारही नाही. पण तयारी करायला निमित्त चांगलं आहे. तोवर प्रत्येक गटाने जवळच्या एका कॉलेजशी बोलून घ्यावं. प्राचार्यांना साधं पत्र द्यायचं: आमच्या वस्तीत इतकी शाळकरी मुलं आहेत, आमच्याकडे जागा आहे, तुमचे विद्यार्थी पाठवा आणि तेच विद्यार्थी वर्षभर पाठवा. त्या दिवशी आरसा, कागद आणि एक भोक एवढं सामान पुरेल. सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी, काजळी धरलेल्या काचेतून किंवा एक्स-रेच्या फिल्ममधून कोणी बघायचं नाही, हे पक्कं. आणि कोणी गरोदर असेल तर तिला पाण्याचा तांब्या आधी द्यायचा.

बैठकीतल्या तिसऱ्या प्रश्नाचं, पोरींच्या पदरात काय पडतं याचं, आमचं उत्तर असं आहे: एक दिवस आले तर एक दिवसाची गंमत पडते, वर्षभर आले तर एखादीचं शिक्षण पडतं. त्यांना वर्षभर बोलावणं आपल्या हातात आहे. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत कर्जवाटपाच्या खाली एक ओळ वाढवा: कॉलेजला पत्र. सही करायला सगळ्याजणी या.